पत्र्याखालची फट

आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर, पत्र्याच्या खाली, हातभर लांब आणि वीतभर रुंद अशी एक फट होती. बांधताना विटा संपल्या असतील किंवा गवंडी कंटाळला असेल. उन्हाळ्यात तिच्यातून थोडी हवा यायची, म्हणून कुणी तिला नावं ठेवत नव्हतं. हिवाळ्यात मात्र पहाटेचं गार वारं तिथूनच आत उतरायचं आणि माझ्या मानेवर यायचं. त्या भिंतीकडेला झोपायची पाळी कायम माझी. ताईचं लग्न होऊन जागा मोकळी झाली तरी मी तिथंच झोपत राहिले.

खोली गच्चीवर होती. एकच खोली, आणि बाहेर गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा करून स्वयंपाक आणि मोरी. खाली घरमालकीण काकू राहायच्या. पप्पा वाळूजला एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होते, आणि मी औरंगपुऱ्यातल्या एका ऑफिसात दिवसभर टायपिंग करत होते. थंडीत आमच्याकडे तापायचं ते फक्त पाणी. चौघांच्या आंघोळीचं पाणी, नंतर तिघांच्या.

आधी ते रॉडवर तापायचं. बादलीत रॉड सोडून आई सगळ्यांना दमात घ्यायची, हात घालू नका म्हणून. मग एका हिवाळ्यात काकू वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या, चप्पल न काढता.

"वहिनी, वरचं मीटर लई पळायलंय. रॉड-बिड लावायचा नाय हां आता."

"सकाळचा एकदाच लावतो की."

"एकदाच लावा नायतर दहादा, बिल माझ्या नावावर येतं. माझा गीझर मी बंद करून ठेवलाय. बघायचा असला तर या खाली."

काकू खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या गीझरवर कपडे वाळत घातलेले मी स्वतः पाहिले होते. रॉड माळ्यावर गेला आणि पाणी गॅसवर तापायला लागलं. मग टाकीचा भाव वाढत गेला, पप्पांचा ओव्हरटाइम बंद झाला, आणि आईनं गॅसवरचं पाणीही थांबवलं. दुपारी बादल्या उन्हात ठेवायच्या आणि संध्याकाळी आंघोळ करायची. मी ऑफिसातून आल्यावर करायचे. तोपर्यंत पाणी पुन्हा गार झालेलं असायचं, पण तसं सांगण्यात अर्थ नव्हता.

हे सगळं चालून गेलं, कारण आम्ही तिघं मोठी माणसं होतो. त्याच थंडीत ताई पहिल्या बाळंतपणाला आली.

मुलगी झाली. लहानशी, गोरीपान, मूठ उघडायला तयार नसलेली. दवाखान्यातून घरी आणल्या दिवसापासून आईच्या अंगात वेगळीच ताकद आली. आमच्याकडे बाळंतिणीचं सव्वा महिना करतात. सकाळी तेल लावून चोळायचं, कडकडीत पाण्यानं न्हाऊ घालायचं, आणि मग बाजेवर झोपवून खाली शेगडी ठेवायची. विस्तवावर ओवा, शेपा टाकायच्या. त्याला शेक म्हणतात. शेक झाला नाही तर बाळंतिणीची कंबर आयुष्यभर दुखते, असं आई म्हणायची. त्याहून मोठी गोष्ट ती म्हणत नव्हती, पण मला ती दिसत होती. ताईच्या सासरी उद्या कुणी म्हणायला नको, की माहेरी शेकसुद्धा नीट झाला नाही.

आईनं जुन्या बाजारातून लोखंडी शेगडी आणली आणि इस्त्रीवाल्याकडून कोळसा. पहिल्या दिवशी ती शेगडी तिनं गच्चीवर पेटवली, धूर पूर्ण जाऊ दिला, निखारे लालबुंद झाल्यावर आत आणली.

"बघ," ती मला म्हणाली, "धूर नाय, काय नाय. गॅस नको, लाईट नको."

पहिले काही दिवस शेगडी शेकापुरतीच आत असायची, नंतर पाणी तापवायला बाहेर जायची. मग थंडी वाढली. बाळाचे हातपाय गार पडायला लागले. आईनं दोन स्वेटर घातले, टोपडं घातलं, तरी नाकाचा शेंडा गारच. तेव्हा शेगडी बाजेखालीच राहायला लागली. विझत आली की आई नवे कोळसे टाकायची. खोलीत गेलं की अंगावरून कुणी ऊबदार हात फिरवल्यासारखं वाटायचं. ताई म्हणायची, "बारके, दार लाव लवकर, ऊब चालली."

मी दार लावायचे आणि फटीकडे बघायचे.

ताई मराठी शाळेत शिकली. माझ्या वेळी पप्पांचा ओव्हरटाइम जोरात होता, म्हणून मी इंग्रजी शाळेत. त्या शाळेनं मला बऱ्याच गोष्टी दिल्या, पण त्या सगळ्या इंग्रजीत दिल्या. घरात बोलताना मला आजही आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. जुळेपर्यंत बोलणं पुढं गेलेलं असतं, म्हणून मी बहुतेक वेळा गप्प असते. पाहुण्यांना वाटतं शिष्ट आहे. ताई मला मॅडम म्हणते.

बंद खोलीत कोळसा जळला की काय होतं, हे मला ठाऊक होतं. विज्ञानाच्या पुस्तकात ते होतं, पानाच्या खालच्या बाजूला, चौकटीत. त्याला वास नसतो, रंग नसतो, हेही होतं. फट उघडी आहे तोवर काही होणार नाही, असं मी स्वतःला सांगत होते. पण आईनं दारावर आतून गोधडी टांगली, खिडकीच्या फळ्यांमध्ये कापसाचे बोळे घातले, तेव्हा मला राहवलं नाही. आई ताईचं डोकं पुसत होती. मी म्हणाले,

"आई, शेगडी आत नको ठेवू. बंद खोलीत गॅस होतो."

"गॅसचं तर नावच काढू नको," आई वळूनसुद्धा न बघता म्हणाली. "ती टाकी अजून पुरवायचीय. म्हणून तर ही शेगडी आणली."

"तो गॅस नाही."

"मग कंचा?"

मला त्याचं नाव येत होतं. ते नाव त्या खोलीत, ओल्या केसांच्या आणि ओव्याच्या वासात, तोंडातून बाहेर काढणं मला जमेना. मी कसंतरी म्हणाले, "कार्बन मोनॉक्साइड."

ताई हसली. "मॅडम, मराठीत सांगा की आम्हाला."

मराठीत मला येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर शोधलं. विषारी वायू. शब्द मला ओळखीचा होता, पण कधी तोंडानं उच्चारला नव्हता. रिक्षात बसून मी तो दोनतीनदा मनात म्हणून पाहिला. घरी आले, चप्पल काढली आणि धीर जायच्या आत बोलून टाकलं. 'विषारी' तेवढं ताईसमोर म्हणवेना.

"आई, खोलीत वायू साठतोय. ताईला त्रास होईल."

आईचा हात थांबला. या वेळी तिनं नीट माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

"वायू? कुठं दुखायलंय गं? कंबर? का सांधे?"

"डोकं जड वाटतंय जरा," ताई म्हणाली. "सकाळपासून."

"मला वाटलंच होतं. वारं लागलंय." आई उठली. "बाळंतपणातला वायू एकदा अंगात शिरला की जल्मभर जात नाय."

"तो वायू नाही, आई..."

"बरं केलंस सांगितलंस. तुझं ध्यान असतं बघ, बोलत नाहीस तरी."

माझं बोलणं असं आईला क्वचितच पटलेलं असेल. ती गच्चीवर गेली, कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स घेऊन आली, त्याची घडी केली, पेटीवर चढली, आणि पत्र्याखालच्या फटीत तो घट्ट कोंबला. वर दोन पोती. मग तिनं ताईच्या कानाला स्कार्फ बांधला, आणखी आवळून.

त्या रात्री माझ्या मानेवर पहिल्यांदाच वारं आलं नाही. आईनं झोपताना शेगडी बाहेर ठेवली, कारण निखारा पडून गोधडी पेटेल याची तिला भीती होती. मला त्या भीतीचा आधार वाटला. पप्पांना सांगावं म्हणून मी जागी राहिले, पण ते दुसऱ्या पाळीवरून आले ते जेवून भिंतीकडे तोंड करून झोपले.

रविवारी ताईच्या सासूबाई गंगापूरहून यायच्या होत्या. नातीला अजून त्यांनी पाहिलं नव्हतं. पप्पा त्या दिवशी कुणाच्या तरी बदली सकाळच्या पाळीला गेले होते. आईनं सकाळी सहालाच शेगडी पेटवली. नेहमीपेक्षा मोठी. शेक झाला, न्हाणं झालं, तरी शेगडी आतच राहिली. "त्या आल्यावर खोली गार नको," आई म्हणाली. ती स्वतः सारखी आत-बाहेर करत होती, आडोशात पोळ्या लाटत होती, डिंकाचे लाडू काढून ठेवत होती. मी ताईजवळ बसले होते.

ताई बोलत नव्हती. तिला मळमळत होतं. गाल लाल दिसत होते. सासूबाई जीपमधून उतरून रिक्षानं येतात, किती वेळ लागेल, असलं काही मी विचारलं तर ती "हं" म्हणायची आणि डोळे मिटायची. माझंही कपाळ ठणकत होतं. मी पाणी आणायला गच्चीवर गेले, हंडा भरेस्तोवर नळापाशी उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की डोकं दुखायचं थांबलंय. हंडा आत ठेवून बसले. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं. मी परत बाहेर गेले, उगाचच. पुन्हा थांबलं.

मला आता पुस्तकाची गरज राहिली नव्हती. तेवढ्यात जिन्यात चपलांचा आवाज आला.

सासूबाई धिप्पाड, ठसठशीत कुंकू, हातात मेथीची जुडी आणि खारकांची पिशवी. दारातून आत येताच थबकल्या.

"अगं बाई! लई उबदार केलंय की, विहीणबाई. आमच्या गोठ्यात म्हशी कुडकुडायल्यात आन हितं राणीसारखा थाट."

"तुमच्या सुनेला काय कमी पडू देतो व्हय आम्ही," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका फुलला की मला तिच्याकडे बघवेना.

"आन ही कोण, इंग्लिशवाली व्हय? बोलती का नाय अजून?"

"बोलते की. कामापुरतं."

सासूबाई बाजेच्या कडेला टेकल्या आणि बाळाला मांडीवर घेतलं. कौतुकानं बघत राहिल्या. "माझ्या सासूचं नाक हाय," म्हणाल्या. बाळ झोपलं होतं. त्यांनी त्याचा तळवा चोळला. ते हललं, पण रडलं नाही.

"दूध कवा पिली?"

"सकाळी," ताई म्हणाली. जीभ जड झाल्यासारखी.

"एवढा येळ झोपती? गुणाची हाय."

"शेकामुळं गाढ झोपती," आई म्हणाली, आणि शेगडीत आणखी कोळसे टाकायला वाकली.

मी भिंतीला टेकून उभी होते. मनात वाक्य जुळवत होते. गॅस म्हणाले तर टाकी. वायू म्हणाले तर वात, आणि मग आणखी एक गोधडी. तिसरा शब्द माझ्याकडे नव्हता. बाळाचे ओठ मला नीट दिसत नव्हते, टोपडं खाली आलं होतं.

मी पुढं गेले आणि सासूबाईंच्या मांडीवरून बाळ उचललं. त्यांना वाटलं मी त्याला नीट धरते आहे. मी दाराकडे वळले, खांद्यानं गोधडी बाजूला केली, कडी काढली आणि बाळाला घेऊन गच्चीवर गेले. उन्हात, वाऱ्यात.

"ए! ए पोरी!" सासूबाई ओरडल्या. "बारसं नाय झालं अजून! कुठं नेती?"

"अगं वारं लागंल तिला!" आई माझ्यामागे धावत आली. तिच्या हाताला कोळसा लागलेला होता. "आण इकडं! डोकं फिरलंय का तुझं?"

मी पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभी राहिले आणि बाळ छातीशी धरलं. देणार नाही म्हणायचं होतं, तेही तोंडातून निघेना. मी फक्त मान हलवत होते. आईनं माझा दंड धरला. तिची बोटं रुतली. एवढ्यात टोपडं सरकलं, बाळाच्या तोंडावर ऊन आलं, त्यानं तोंड वेडंवाकडं केलं आणि बारीक आवाजात रडायला सुरुवात केली.

त्या रडण्यानं ताई उठली. आपल्या बाळाला बाहेर कोण घेऊन गेलं म्हणून ती बाजेवरून उतरली, दारापर्यंत आली, चौकटीला हात लावला आणि उंबऱ्यावर बसली. पडली नाही, नुसती बसली. मग ती बाजूला कलली आणि ओकली.

"चक्कर आली. अशक्तपणा हाय," आई म्हणाली. माझा दंड सोडून ती तिकडे धावली. "चला आत, पडून राहा."

"नाही!" मी ओरडले. हा शब्द मात्र निघाला. "आत नको. आत नको नेऊ."

सासूबाई तोवर दारात आल्या होत्या. त्या ताईकडे बघत होत्या. मग वळून त्यांनी खोलीत पाहिलं. टांगलेली गोधडी, खिडकीतला कापूस, पत्र्याखाली कोंबलेला फ्लेक्स, बाजेखालचा लाल विस्तव. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"विहीणबाई, हे तर पेव केलंय तुम्ही."

आईला कळलं नाही. मलाही. सासूबाईंनी ताईच्या कानाचा स्कार्फ ओढून काढला आणि तिला उघड्यावर सरकवलं.

"जिमिनीतलं ज्वारीचं पेव. माझ्या सासऱ्याच्या टायमाला होतं आमच्यात. उघडलं की लगीच कुणी उतरत नसायचं, आत वाफ धरलेली असती. एक गडी उतरला घाईनं. वरून हाका मारल्या तर व्हय व्हय म्हणला आन तिथंच झोपला. असाच. लाल गाल करून." त्यांनी आईकडे पाहिलं. "काढा ती शेगडी. वाफ धरलीय खोलीत."

पेवात धान्यावर साठतो तो वायू वेगळा आणि कोळशाचा वेगळा. पण वाफ आईला कळली. आईनं पदराच्या बोळ्यानं शेगडी धरली आणि गच्चीच्या मधोमध आणून आदळली. निखारे घरंगळले. मग ती परत आत गेली, पेटीवर चढली आणि फटीतला फ्लेक्स ओढायला लागली. तो इतका घट्ट बसला होता की पोत्यासकट एकदम सुटला आणि आई पेटीवरून खाली आली.

खालच्या काकूंनी आरडाओरडा ऐकून रिक्षा थांबवली. सरकारी दवाखान्यात ताईच्या आणि बाळाच्या तोंडाला ऑक्सिजनची नळी लावली. तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, खोलीत काय जळत होतं. आई म्हणाली, "शेक देत होतो." डॉक्टरीण म्हणाली, "दार-खिडकी बंद करून? आत गॅस होतो, मावशी, कोळशाचा. कळतसुद्धा नाही. अजून थोडा वेळ असता तर..."

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा पंखा बघत होते.

संध्याकाळपर्यंत ताई नीट बोलायला लागली. बाळ दूध प्यायलं. डॉक्टरणीनं रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी दोघींना घरी सोडलं. पप्पांनी माळ्यावरून रॉड काढला, बादलीत टाकला आणि जिन्यातून खाली ऐकू जाईल असं म्हणाले, "बिल मी बघतो." पण आईनं रॉडचं बटण दाबलं नाही. ती नुसती बादलीजवळ बसून राहिली.

सासूबाई परत गेल्या नव्हत्या. चहा पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी नेते हिला."

"सव्वा महिना व्हायचाय अजून," आई म्हणाली.

"ठाव हाय मला. पण तिकडं जळणाला कपाशीच्या पऱ्हाट्याचा ढीग पडलाय. अंगणात चूल हाय, दिवसभर पाणी तापतं. आन घराला कौलं हायेत, वाफ धरत नाय."

"लोक काय म्हणतील? पहिलं बाळंतपण, आन पोरगी मधीच..."

"म्हणू द्या." सासूबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचा हात आईच्या गुडघ्यावर गेला. "विहीणबाई, तुमच्या शेकात मी उणं काढत नाय. जळण कमी पडलं. एवढंच."

ताईनं मानेनंच हो म्हटलं. तिला तिथं राहायची भीती वाटत होती, हे आईला दिसलं असणार. आईनं पुढं वाद घातला नाही. ओवा, शेपा, डिंकाचे लाडू, बाळाची टोपडी, सगळं एका पिशवीत भरलं. शेगडी मात्र दिली नाही. दुपारच्या जीपला आम्ही त्यांना पोचवून आलो. बाळाला सासूबाईंनी पदराच्या आत धरलं होतं, आणि जीपची काच थोडी उघडी ठेवायला त्यांनी ड्रायव्हरला दोनदा सांगितलं.

घरी आलो तेव्हा ऊन उतरत होतं. बाज रिकामी होती. फटीतून वारं येत होतं आणि भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. आई पेटीवर बसली. बराच वेळ ती त्या फटीकडेच बघत होती. मी चहा ठेवायला उठले, तेवढ्यात ती म्हणाली,

"त्या दिवशी तू गॅस म्हणलीस ना... मला टाकीच दिसली बघ डोळ्यांसमोर. दुसरं काय आलंच नाय मनात."

मी काडेपेटी हातात घेऊन उभी होते. पप्पा पाळीला गेले होते, चहा दोघींपुरताच करायचा होता. आडोशात जाऊन मी गॅस बारीक ठेवला.